शून्य ते शंभर, मार्गे तरण तलाव

आधीच सांगून टाकतो, म्हणजे उद्या कुणी साडूभाऊंकडून वेगळं काही ऐकलं तर गैरसमज नको. त्या रविवारी माझी गाडी हरली नाही. ती जिंकली. कशात जिंकली, किती वेगाने जिंकली आणि जिंकत असताना आम्हाला कोण मागे टाकून गेलं, हे तपशील पुढे येतीलच. पण निकाल तो निकाल.

प्रकरण सुरू झालं जेवणाच्या टेबलावर. आमच्याकडची सगळी मोठी प्रकरणं तिथेच सुरू होतात, कारण हात खरकटे असताना उठून जाता येत नाही. मी चार-पाच महिन्यांपूर्वी इलेक्ट्रिक एसयूव्ही घेतली होती, निळी. मग दोन महिने जातात न जातात तोच साडूभाऊंनी, म्हणजे माझ्या मेहुणीच्या नवऱ्याने, दुसऱ्या कंपनीची घेतली, पांढरी. माणसाने गाडी घ्यावी, माझं काही म्हणणं नाही. पण "तुमची बघितली आणि म्हटलं, आपण जरा बरी घेऊ," असं दुसऱ्याच्या घरी, दुसऱ्याचं जेवत असताना म्हणावं का?

"साडूभाऊ," ते म्हणाले. आम्ही दोघंही एकमेकांना साडूभाऊच म्हणतो. "पिकअप काय आहे हो माझ्या गाडीला! शून्य ते शंभर, सात पॉइंट एक सेकंदात. तुमची किती?"

माझी आठ पॉइंट तीन. माहितीपत्रक मला तोंडपाठ होतं, त्यामुळे हा आकडा आपल्याला माहीत नाही असं भासवणंही शक्य नव्हतं. मग मी माझं नेहमीचं शस्त्र काढलं.

"पिकअप नव्हे साडूभाऊ. त्वरण. मराठीत शब्द आहे."

इथे माझ्या नोकरीबद्दल एक वाक्य सांगायला हवं. मी पाठ्यपुस्तकं छापणाऱ्या कचेरीत मुद्रितशोधक आहे. सव्वीस वर्षं लाल पेन घेऊन मी इतरांच्या चुका काढतोय आणि त्याचा पगार घेतोय. विज्ञानाच्या पुस्तकातला 'त्वरण' हा शब्द माझ्या नजरेखालून किमान चारशे वेळा गेला असेल. साडूभाऊ इमारतींना लिफ्ट बसवून देतात. वर जाणं हा त्यांचा व्यवसायच आहे.

"बरं, त्वरण. ते माझं जास्त," साडूभाऊ म्हणाले.

"पण कमाल वेग? पांढरीचा एकशे साठ. निळीचा एकशे पंच्याहत्तर."

"एकशे पंच्याहत्तरने जाणार कुठे तुम्ही? भाजी आणायला?"

"भाजी मीच आणते," आमची बायको म्हणाली. "आणि ह्यांचा कमाल वेग मी बावीस वर्षांत पाहिलेला नाही."

मेहुणी हसली. साडूभाऊ हसले. मी पाणी प्यालो. आणि तेवढ्यात शिट्टी वाजली.

घरात जेवताना शिट्टी वाजणं ही इतरांना नवलाची गोष्ट वाटेल, आम्हाला नाही. आमच्या सासूबाई शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, वय अठ्ठ्याहत्तर, पण शिट्टी गळ्यात आणि स्टॉपवॉच पर्समध्ये, ही त्यांची जोडी सुटलेली नाही. सगळं गाव त्यांना बाई म्हणायचं, म्हणून लेकीही बाई म्हणतात आणि आम्ही जावईही बाईच म्हणतो. सहा महिने त्या आमच्याकडे राहतात, सहा महिने साडूभाऊंकडे.

"वाद तोंडाने मिटत नसतो," बाई म्हणाल्या. "मैदानात मिटतो. दोन्ही गाड्या एका रेषेवर लावा, मी वेळ घेते. जी गाडी जिंकेल तिच्यात बसून मी शाळेला जाणार. पुढच्या सीटवर."

शाळेला जाणं म्हणजे काय, हे आम्हा चौघांनाही माहीत होतं. बाईंच्या शाळेला शंभर वर्षं होत होती. तीनशे किलोमीटर लांब, दीड महिन्यावर कार्यक्रम, आणि त्यात बाईंना व्यासपीठावर बसवणार होते. बाईंना तिथे घेऊन जायचा मान कुणाचा, हा प्रश्न दोन्ही घरांत आतल्या आत शिजतच होता.

माझ्यासाठी तर तो मानाच्याही पलीकडचा होता. खरं सांगतो, त्यात लाज कसली. बाईंकडे माणसं मोजायच्या दोनच श्रेणी आहेत. 'ठीक' आणि 'शाब्बास'. साडूभाऊंना आजवर तीन शाब्बास मिळालेत. एक लग्नात हार घालताना टाचा न उचलता हात पोचला म्हणून, एक स्वतःचा व्यवसाय काढला म्हणून, आणि तिसरा तर नुसता सलग चाळीस जोर काढले म्हणून. मला बावीस वर्षांत 'ठीक'च्या पलीकडे काही मिळालं नाही. बाईंच्या डोळ्यांच्या ऑपरेशनला अकरा दिवस रजा टाकून बसलो, तेव्हाही 'ठीक'. घर घेतलं, 'ठीक'. एकदा जिन्यात त्या घसरल्या आणि मी त्यांना हवेतल्या हवेत झेललं, तेव्हा त्या म्हणाल्या, "पाय जुळवून उभे राहा." तीनशे किलोमीटर त्या माझ्या शेजारच्या सीटवर बसल्या असत्या, तर कुठेतरी एखादा शाब्बास निसटला असता की.

"मात्र," बाई म्हणाल्या, "चालत्या रस्त्यावर शर्यत मी लावणार नाही. बंद रस्ता हवा, आणि लेखी परवानगी हवी. नियमाबाहेरची वेळ मी घेत नाही."

बंद रस्ता होता. तलावाकडे जाणारा नवा रस्ता तयार होऊन वर्ष झालं होतं, फक्त उद्घाटन राहिलं होतं. दोन पॉइंट चार किलोमीटर, सरळसोट, गुळगुळीत. मी त्याच दिवशी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. पांढरी सुरुवातीला पुढे जाणार, हे मान्य. पण एकदा ती एकशे साठला टेकली की तिचं संपलं. निळी चढतच राहणार. माझ्या गणिताने बरोबर सव्वादोन किलोमीटरवर मी साडूभाऊंना ओलांडत होतो. उरलेल्या दीडशे मीटरमध्ये एकशे पंच्याहत्तरवरून थांबायचं कसं, हा प्रश्न मी मुद्दामच सोडवायला घेतला नाही.

परवानगीचा अर्ज लिहायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. मी तो इतका सुरेख लिहिला की बायकोला दोनदा वाचून दाखवला. विषय : दोन वाहनांच्या त्वरण व कमाल वेग चाचणीसाठी रस्ता दोन तास मिळण्याबाबत. खाली दोन्ही गाड्यांचे रंग, क्रमांक, वय, सगळं. पालिकेच्या आवक-जावक खिडकीवर एक अतिशय सभ्य गृहस्थ बसतात. त्यांचं नाव मला कधी कळलं नाही, आमच्या घरात त्यांना आवक-जावकच म्हणतात. त्यांनी अर्ज घेतला, समोरच्या संगणकात विषय टाइप केला, शिक्का मारला आणि म्हणाले, "आठ दिवसांत उत्तर येईल."

आठ दिवसांत आलं. तरण तलाव विभागाकडून.

"उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आपल्या तरण चाचणीस या कार्यालयाची हरकत नाही. तथापि सदर दोन्ही स्पर्धकांनी (१. निळी, २. पांढरी) पाण्यात उतरण्यापूर्वी शॉवर घेणे व डोक्यावर रबरी टोपी घालणे बंधनकारक राहील. त्वचारोग नसल्याचा वैद्यकीय दाखला जोडावा. प्रथमच पोहणाऱ्यांना खोल बाजूस सोडले जाणार नाही."

मी ते पत्र तीन वेळा वाचलं. त्यात छपाईची एकही चूक नव्हती, याचंच जास्त वाईट वाटलं.

आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त दंतवैद्य राहतात. त्यांना सगळ्यातलं सगळं कळतं, आणि कुठलंही मत देण्याआधी ते समोरच्याला "बसा, मान मागे टेका," म्हणतात. मी बसलो. त्यांनी पत्र उजेडात धरून पाहिलं.

"दाखला मी देतो की," डॉक्टर म्हणाले. "आणि चाचणीचं म्हणाल, तर सगळा खेळ वजनाचा आहे. गाडीतलं वजन काढा. जॅक, पायपुसण्या, मागची सीट, सगळं काढा. आणि स्वतःचं पण काढा."

"स्वतःचं काय काढू?"

"वजन हो. चार किलो उतरवलंत तर सेकंदाचा शंभरावा भाग तरी वाचतो."

मी त्या संध्याकाळपासून एक वेळचं जेवण बंद केलं. बायको म्हणाली, "सेकंदाच्या शंभराव्या भागासाठी उपाशी राहणारा माणूस मी पहिल्यांदा बघतेय." मी म्हणालो, ही तपश्चर्या आहे. ती म्हणाली, मग तपश्चर्या करताना फ्रिज उघडून उभं राहू नका, थंडावा जातो.

मी पुन्हा आवक-जावकांच्या खिडकीवर गेलो.

"साहेब, तुमचा शब्द आमच्या संगणकाच्या यादीत नाही," ते म्हणाले. "यादीत नसला की तो आपोआप जवळचा शब्द घेतो. तरण जवळचा पडला."

"अहो, पण अर्थ?"

"अर्थ जवळचा नसतो साहेब, अक्षरं जवळची असतात. दुसरा शब्द नाही का?"

दुसरा शब्द होता. जुन्या आवृत्तीत आम्ही 'प्रवेग' छापायचो. मला स्वतःला तो शब्द जास्त भारदस्त वाटतो. मी तिथेच उभा राहून नवा अर्ज लिहिला, प्रवेग चाचणी. आवक-जावकांनी मान डोलावली. "हा छान आहे. यादीत असणार."

आठ दिवसांनी शिक्षण विभागाचं पत्र आलं. विषय : प्रवेश चाचणी.

"आपल्या दोन्ही पाल्यांची वये अनुक्रमे पाच महिने व तीन महिने असल्याचे अर्जावरून दिसून येते. सबब त्यांना यंदा प्रवेश देणे शक्य नाही. पालकांनी निराश न होता पाल्यांची तीन वर्षे पूर्ण झाल्यावर संपर्क साधावा. तोपर्यंत पाल्यास स्वतःच्या हाताने जेवण्याची सवय लावावी."

हे पत्र साडूभाऊंनी फोनवर वाचायला लावलं. एकदा त्यांना, मग स्पीकरवर मेहुणीला, मग लिफ्टच्या कारखान्यातल्या सगळ्यांना. "पांढरी हुशार आहे हो," ते म्हणाले. "चार्जरला आत्ताच स्वतःहून जाते. साडूभाऊ, सोडा ना तुमचं ते शुद्ध मराठी. पिकअप लिहा. सगळ्या जगाला कळतं."

मी फोन ठेवला. माणसाचा स्वाभिमान कशाकशात असतो ते सांगता येत नाही. माझा त्या एका शब्दात होता. पण कार्यक्रमाला आता पंचवीस दिवस उरले होते, आणि बाई रोज सकाळी व्यायाम करताना विचारायच्या, "आली का परवानगी?" मी "नाही" म्हटलं की त्या म्हणायच्या, "ठीक."

मधल्या काळात मी सराव करायचं ठरवलं. आमच्या इमारतीच्या मागे कारखान्याची लांबलचक भिंत आहे, त्या गल्लीत रविवारी चिटपाखरू नसतं. इलेक्ट्रिक गाडीचं असं आहे की ती आवाज करत नाही. पेट्रोलची गाडी आधी गुरगुरते, मग निघते, माणसाला सावरायला वेळ मिळतो. हिचं तसं नाही. मी 'स्पोर्ट' असं लिहिलेलं बटण दाबलं आणि पाय टेकवला, बस्स. शेजारी बायको चहाचा कप घेऊन बसली होती. गाडी पुढे गेली, बायकोही पुढे गेली, चहा मात्र होता तिथेच राहिला. म्हणजे आधी हवेत आणि मग मागच्या काचेवर.

"त्वरण," मी म्हणालो.

"उतरा खाली," बायको म्हणाली. "आणि ते पुसा."

तर अखेर मी पडतं घेतलं. तिसरा अर्ज लिहिला. विषय : दोन वाहनांच्या पिकअपची तुलना. आवक-जावकांनी टाइप केलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "यादीत आहे!" ते म्हणाले. "बघा साहेब, हेच आधी लिहिलं असतं तर! आता फक्त सांगा, उघडा की बंद?"

"काय उघडा की बंद?"

"पिकअप. उघड्या हौद्याचा की बंद बॉडीचा? हे मालवाहतुकीत येतं ना."

मी डोकं खिडकीच्या गजांना टेकलं. मग शांतपणे विचारलं, "नुसतं 'वेग चाचणी' लिहिलं तर?"

आवक-जावक इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "त्या फंदात पडू नका. ते वाहतूक शाखेकडे जातं. ते आधी लायसन्स जमा करून घेतात, मग अर्ज वाचतात. मालवाहतूकवाले साधे आहेत. चार दिवसांत सही देतात. बंद बॉडी टाकतो. माल काय?"

"माल नाही."

"मालाशिवाय मालवाहतूक कशी होईल साहेब? रस्त्यावर घेऊन काय जाणार आहात तुम्ही त्या दिवशी?"

मी आठवून सांगितलं, एक घडीची खुर्ची, एक स्टॉपवॉच, एक शिट्टी आणि एक सासूबाई. आवक-जावकांनी बराच विचार केला आणि लिहिलं, 'घरगुती जुने सामान, एक नग'. कुठल्या नगाबद्दल ते लिहिलं, ते मी विचारलं नाही आणि घरी सांगितलंही नाही.

चार दिवसांत खरंच परवानगी आली. कार्यक्रमाच्या आधीच्या रविवारी, सकाळी सात ते नऊ. मी पहिल्या ओळीतली 'परवनगी' ही चूक लाल पेनने दुरुस्त केली, पत्र घडी करून खिशात ठेवलं आणि पहिल्यांदाच दोन्ही वेळ जेवलो.

रविवारी साडेसहालाच आम्ही सगळे रस्त्यावर हजर. बाई पांढरे कॅनव्हासचे बूट घालून आल्या होत्या. त्यांनी पिशवीतून खडूची पूड काढून रस्त्यावर आडवी रेघ मारली, इतकी सरळ की मला अभिमान वाटला. डॉक्टर आले होते, दोघांनाही वेगवेगळं बाजूला घेऊन "तुम्हीच जिंकणार" म्हणत होते. साडूभाऊंनी डोळ्यांना काळा चष्मा लावला होता. निळी मी आतून इतकी रिकामी केली होती की बोललं तरी घुमायचं.

सातला पाच कमी असताना स्कूटरवरून आवक-जावक आले.

"सुट्टीच्या दिवशी?" मी विचारलं.

"मालाची खात्री करायला कुणीतरी यावं लागतं," ते म्हणाले. "माझीच नेमणूक झाली. अटी वाचल्यात ना?"

"कुठल्या अटी?"

"मागच्या पानावर."

सव्वीस वर्षं मी नव्या लोकांना एकच गोष्ट शिकवत आलो आहे, की पान उलटून बघा. मी खिशातून पत्र काढलं आणि उलटलं. मागच्या पानावर एकच अट होती. मालवाहू वाहनाने ताशी वीस किलोमीटरची वेगमर्यादा ओलांडू नये.

मी ते मोठ्याने वाचलं. साडूभाऊ म्हणाले, "अहो, ते नुसतं लिहायचं म्हणून लिहिलेलं असतं."

"लिहिलंय ना?" बाईंनी विचारलं.

"लिहिलंय, पण बाई, शून्य ते शंभर मोजायचंय. वीसमध्ये काय मोजणार?"

"लिहिलंय ना?" बाई पुन्हा म्हणाल्या, आणि त्यांचा हात शिट्टीकडे गेला. साडूभाऊंनी चष्मा काढला.

माझं तर अवसानच गळालं. महिनाभराची धडपड, अर्धपोटी काढलेले दिवस, शॉवर घेऊन टोपी घालायला सांगितलेली गाडी, आणि हाती काय, तर ताशी वीस. मी खाली बसणार तेवढ्यात बाई म्हणाल्या, "शाळेत मी हळू सायकल चालवायची शर्यत घ्यायचे. मुलं पहिल्या क्रमांकासाठी रडायची. इथे तसंच. मी शेजारी बसते. काटा वीसवर न्यायचा आणि शेवटच्या रेघेपर्यंत तिथेच ठेवायचा. वर गेला की फाऊल. तीन फाऊल म्हणजे बाद. ज्याची वेळ कमी तो जिंकला. लहान जावयांनी आधी यावं."

साडूभाऊ बसले, बाई बसल्या, शिट्टी वाजली. पांढरी सुटली ती सुटलीच. आम्हाला वीस पावलांवरून दुसरी शिट्टी ऐकू आली. चौतीस. परत रेघेवर. पुन्हा शिट्टी, पुन्हा शिट्टी. सव्वीस. तिसऱ्या वेळी साडूभाऊंनी बूट काढून अनवाणी पायाने चालवली आणि थोडे दूर गेलेही, पण तेवीसवर शिट्टी झालीच. जी गाडी नुसता पाय टेकवला तरी उडते, ती पाय टेकवून ठेवू देत नाही. साडूभाऊ घामाघूम होऊन उतरले आणि म्हणाले, "हिला हळू येतच नाही हो!"

मग मी बसलो. पट्टा लावला. शेजारी बाई, मांडीवर स्टॉपवॉच. आरशात अजून घाम पुसणारे साडूभाऊ दिसत होते.

पण एक सांगतो. मुद्रितशोधकाला काय येत असेल तर ते एवढंच येतं. एका ओळीवर नजर ठेवायची, घाई करायची नाही, कंटाळायचं नाही आणि मधेच पुढच्या पानावर उडी मारायची नाही. मी काट्यावर डोळा ठेवला. एकोणीस. वीस. वीस. वीस. अर्ध्या वाटेत एक सायकलवाले आजोबा मागून आले, आमच्या बरोबरीने थोडा वेळ चालले, खिडकीतून माझ्याकडे काळजीने पाहिलं आणि पुढे निघून गेले. ताशी एकशे पंच्याहत्तरची गाडी! मला खूप काही वाटलं, पण पाय हलू दिला नाही.

सात मिनिटं सतरा सेकंद. एकही फाऊल नाही. शेवटच्या रेघेवर मी थांबलो आणि बाईंकडे पाहिलं. बाईंनी घड्याळ पाहिलं, पर्समधल्या छोट्या वहीत वेळ लिहिली, आणि म्हणाल्या, "ठीक."

मागून स्कूटरवर आवक-जावक आले. "माल पोचला?" त्यांनी खिडकीतून विचारलं.

"पोचला," बाई म्हणाल्या आणि सही केली. कागदावर 'घरगुती जुने सामान' असं लिहिलंय, हे त्यांनी वाचलं नाही, कारण वहीबरोबर चष्माही पर्समध्ये परत गेला होता. त्या दिवशी दैवाने माझ्यावर केलेला तो दुसरा उपकार.

जिंकलो होतो, पण घरी येताना माझं तोंड उतरलेलं होतं. बायकोने ओळखलं. "मिळाली ना पुढची सीट? मग?" ती म्हणाली. मी म्हणालो, काही नाही. बावीस वर्षांच्या संसारात 'काही नाही' म्हणजे काय ते तिला कळतं. तिने फक्त पायपुसण्या परत गाडीत नेऊन घातल्या.

पुढच्या रविवारी शाळेला निघालो. मागची सीट मी परत बसवली होती. पाचही जण निळीतच बसलो, कारण साडूभाऊ म्हणाले, "हरलो तर हरलो, एकटं मागून येऊन काय करू?" माणूस वाईट नाही. मोठ्या रस्त्याला लागलो. एका ठिकाणी नाक्यावर गाडी थांबली. समोर रस्ता रिकामा, आणि पाटीवर लिहिलेलं, वेगमर्यादा शंभर.

बाईंनी पाटी वाचली. मग पर्स उघडली. स्टॉपवॉच काढलं.

"काय करताय बाई?" मी विचारलं.

"पाटीवर लिहिलंय ना?" त्या म्हणाल्या. "तयार. सावधान." आणि शिट्टी वाजली.

मी पाय टेकवला. काय सांगू! मागे मेहुणी आणि बायको एकदमच किंचाळल्या, साडूभाऊ "दाबा साडूभाऊ, दाबा!" म्हणून ओरडले, डबा सीटखालून मागे गेला, आणि बाई सीटला पाठ टेकून समोर बघत होत्या, शिट्टी दातांत तशीच धरलेली. काटा शंभरला टेकला आणि मी पाय उचलला. शंभराच्या वर एक रेघ नाही.

"दहा पॉइंट दोन," बाई म्हणाल्या.

माहितीपत्रकातल्या आठ पॉइंट तीनचे दहा पॉइंट दोन झाले होते. मी काही बोलायच्या आत मागून साडूभाऊच म्हणाले, "बाई, पाच माणसं आहोत. वजन धरा की! एकटे असते तर आठला आले असते." मला त्या माणसाला मिठी मारावीशी वाटली, पण गाडी चालवत होतो. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि वही पर्समध्ये टाकली. व्यासपीठावर त्यांना बोलायला सांगितलं तेव्हा त्यांनी ध्वनिक्षेपकाऐवजी शिट्टी वापरली, आणि साठीतले विद्यार्थीसुद्धा पाय जुळवून उभे राहिले. त्या दिवशी आम्ही सगळेच खूप हसलो.

महिनाअखेरीस बाईंची साडूभाऊंकडे राहायची पाळी आली. त्या गेल्या त्याच संध्याकाळी साडूभाऊंचा फोन.

"साडूभाऊ, ऐका. बाईंना घेऊन येताना मुद्दाम वाट वाकडी करून त्याच नाक्यावर पांढरीची वेळ घेतली. सात पॉइंट चार! दोनच माणसं होतो म्हणा, पण सात पॉइंट चार! आणि बाई काय म्हणाल्या माहीत आहे? ठीक! सात पॉइंट चारला ठीक! अहो, मग शाब्बास कशाला म्हणायचं माणसाने?"

मी त्यांची समजूत घातली. कमाल वेगाचं काय झालं म्हणून विचारलं, तर बाईंनी सांगितलं होतं म्हणे, कमाल वेग पाटीवर असतो, गाडीत नसतो, दोघांचाही शंभर, बरोबरी. म्हणजे त्वरणात पांढरी पुढे आणि वेगात बरोबरी. माझ्याकडे राहिलं काय, तर ताशी वीसचं अजिंक्यपद.

फोन ठेवून मी गाडीचा चार्जर लावायला खाली गेलो. पुढच्या सीटसमोरचा कप्पा अर्धवट उघडा होता. बंद करायला हात घातला तर आत बाईंच्या वहीतलं एक पान घडी करून ठेवलेलं. वरच्या बाजूला जिथे विद्यार्थ्याचं नाव लिहितात, तिथे 'मोठे जावई' असं लिहिलं होतं. खाली बाईंच्या ठसठशीत अक्षरात :

'वीसची चाचणी. सात मिनिटे सतरा सेकंद. फाऊल नाही. शून्य ते शंभर, दहा पॉइंट दोन. पाच माणसे, दोन बॅगा, एक डबा. शंभराच्या वर गेले नाहीत. बावीस वर्षांत फाऊल नाही. शाब्बस.'

मी गाडीच्या बोनेटला टेकून ते पान पुन्हा वाचलं. मग पुन्हा. लाल पेन खिशात होतं, ते नेहमीच असतं. 'शाब्बस'मधला एक काना राहून गेला होता. माझा हात सवयीने खिशाकडे गेलाही.

ते पान आता आमच्या हॉलमध्ये काचेच्या चौकटीत आहे. खालचे डॉक्टर आले की प्रत्येक वेळी मान मागे टेकून ते वाचतात आणि म्हणतात, "अहो, तुम्ही मुद्रितशोधक ना? तिथे एक चूक राहिली आहे." मी त्यांना सांगतो, मला तर दिसत नाही.